गोठ्याच्या दारातलं आकाश

आईचं शेवटचं पुस्तक मशीनवर चढायच्या आदल्या सकाळी संपादकबाईंनी मला छापखान्याच्या वरच्या खोलीत बोलावून घेतलं आणि टेबलावर नमुन्याचे कागद पसरले.

“आधी बस,” त्या म्हणाल्या, “मग बघ.”

मी उभ्यानेच पाहिलं. आकाश तपकिरी होतं.

तारे जागच्या जागी होते. गोठ्याचं दार होतं, दारातून डोकावणारी म्हातारी आणि तिच्या काखेतलं बदक होतं. गवत पिवळं, कंदिलाचा उजेड पिवळा, गाढवाचं नाक मऊ राखाडी, सगळं आईचंच. फक्त वरचं आकाश कोणीतरी चहाचा कप कलंडवल्यासारखं दिसत होतं. मी पुढचे कागद पाहिले. सोळाच्या सोळा चित्रांत तेच.

पुस्तक नाताळच्या एका जुन्या गाण्यावरचं आहे. ते कोणी रचलं हे कोणालाच ठाऊक नाही. आजीकडून नातवंडांकडे येत राहिलेलं गाणं, कुठे दोन कडवी जास्त, कुठे दोन कमी. गोठ्यात बाळ जन्मलंय, बाहेर थंडी आहे आणि दार वाजतं. आत बैल, गाढव आणि बाळाचे आईबाप आधीच दाटीवाटीने बसलेले. मेंढपाळ येतो, ते सरकतात. कुंभारीण येते, सरकतात. वाट चुकलेला शिपाई येतो, बदकवाली म्हातारी येते, आणि दर कडव्याच्या शेवटी आतले सगळे म्हणतात, ‘सरका थोडं, अजून एक मावेल.’ शेवटी अख्खं गाव आत मावतं. आईने प्रत्येक चित्रात गोठा आतून दाखवला होता, समोर उघडं दार आणि दारात आकाश. पुस्तकातली रात्र पानापानाने सरते ती त्या आकाशातूनच. त्यामुळे चित्राचा एखादा कोपरा बिघडला होता असं म्हणून भागणार नव्हतं. रात्रच बिघडली होती.

“मशीन नवीन आहे,” संपादकबाई म्हणाल्या. “समोर ठेवाल ते हुबेहूब काढतं. मी मूळ चित्रं शेजारी ठेवून पाहिली. चूक मशीनची नाही.”

“मग?”

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आईशी त्यांची पंचवीस वर्षांची मैत्री. वाईट काही सांगायचं असलं की त्या आधी चष्मा पुसतात, हे आम्ही मायलेकी ओळखून होतो.

“तिचे डोळे गं. मला कधी बोलली नाही. पण वयानुसार निळा रंग दिसेनासा होतो म्हणे काहींना. आपण असं करू, संगणकावर दुरुस्त करून घेऊ. करूनही बघितलंय मी.”

दुसरा कागद समोर आला. आकाश आता प्लास्टिकच्या बादलीसारखं निळं होतं.

“गाढवही निळं झालंय,” मी म्हणाले.

“ते कमी करता येईल.”

“म्हातारी आजारी दिसतेय.”

“तू अगदी आईवर गेली आहेस. तिला काहीही दाखवा, पहिल्यांदा गाढवाचीच चौकशी.”

आम्ही दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, “हे बघ, उद्या दहाला मशीन आपलं आहे. ही पाळी गेली की पुढची थेट जानेवारीत. नाताळ उलटून गेल्यावर नाताळचं पुस्तक म्हणजे वरातीमागून घोडं. छापायच्या कागदावर एरवी तिची सही असायची, आता तुझी. तपकिरी की निळं, ते उद्या सकाळी मला सांग.”

मी मूळ चित्रांचं पाकीट छातीशी धरून घरी आले.

आई गेल्यावरच्या चार महिन्यांत तिच्या खोलीत मी झाडू मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तिची जुनी चित्रं रुंद, उथळ खणांमध्ये वर्षवारीने आडवी ठेवलेली आहेत. मी खण उघडत गेले आणि प्रत्येक चित्राशेजारी त्याचं छापील पुस्तक उघडून जमिनीवर ठेवत गेले. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. आमच्या घरी चित्र टेबलावर असायचं तेव्हा पुस्तक नसायचं, आणि वर्षाने पुस्तक यायचं तोवर चित्र खणात गेलेलं असायचं. दोन्ही एका वेळी कोण बघणार?

लोक आईला तिच्या निळ्या रंगावरून ओळखत. एका सत्कारात कोणीतरी त्यावर चांगलं दहा मिनिटं बोललं होतं. आई उत्तराला उठली आणि एवढंच म्हणाली, “ते निळं माझं नाही, छापखान्याचं आहे.” सभागृहाने तिच्या नम्रतेला टाळ्या दिल्या. मीही दिल्या होत्या.

जमिनीवर मांडल्यावर मात्र ते दिसलं. बारा वर्षांपूर्वीपर्यंतची मूळ चित्रं निळी होती आणि पुस्तकंही तशीच निळी. मग एक पुस्तक असं, की चित्र नेहमीसारखं, पण छापलेलं आकाश इतकं गडद की चंद्र त्यात बुडाल्यासारखा वाटावा. ते पुस्तक घरी आलं ती दुपार मला आठवली. आई बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, “बघू.” आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांतलं प्रत्येक मूळ चित्र मातकट, तपकिरी, आणि प्रत्येक पुस्तक सुरेख निळं.

आई चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने रंगांचं प्रमाण लिहून ठेवायची, पुन्हा काढायची वेळ आली तर असावं म्हणून. पहिल्या तपकिरी आकाशाच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘निळा एक, गेरू दोन. बाकी मास्तर.’ पुढच्यावर प्रमाणही नव्हतं. नुसतं ‘बाकी मास्तर.’ नाताळच्या सोळा चित्रांवरही तेच.

तिचे डोळे ठीक होते तर. मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ रागही आला, कारण मास्तरांचं नाव मी चार महिने मनातसुद्धा घेतलं नव्हतं.

मास्तर म्हणजे छापखान्याचे जुने मशीनमन. आईची पुस्तकं तीस वर्षं त्यांनीच छापली. ती त्यांना मास्तर म्हणायची, ते तिला बाई म्हणायचे. जन्मभर एकमेकांना अहोजाहो केलं आणि जन्मभर भांडले. दीड वर्षापूर्वी ते निवृत्त झाले. मग छापखान्यात जुनं मशीन गेलं, नवं आलं, त्या धांदलीत, चित्रं आधीच काढून झालेली असूनही, नाताळचं पुस्तक मागे पडलं आणि तेवढ्यात आई आजारी पडली. दवाखान्यात तिला भेटायला रद्दीवालासुद्धा येऊन गेला. मास्तर आले नाहीत. ती गेल्यावरही आले नाहीत.

त्यांचं घर छापखान्याच्या मागच्या गल्लीत आहे. मी दुपारीच गेले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं.

“आलीस? बरं झालं गं बाई,” त्या म्हणाल्या आणि आत तोंड करून ओरडल्या, “अहो, लपू नका. चपला दारातच आहेत तुमच्या!”

मास्तर बाहेर आले. नखांच्या कडांमध्ये शाई अजून होती, ती आता जायची नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी खुर्ची पुढे केली. “चहा टाक गं.”

“टाकलाय,” काकू म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

मी ठरवून आले होते की फक्त चित्रांबद्दल बोलायचं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. “काका, आई तुमची वाट बघत होती.”

त्यांनी मान खाली घातली.

“सांगा की आता,” काकू म्हणाल्या. “माझ्यापुढे रोज तेच दळण. आणि जिला सांगायचं ती दारात आली तर तोंडात मिठाची गुळणी.”

“मोतीबिंदू काढला माझा,” मास्तर म्हणाले. “निवृत्तीच्या आधी महिनाभर. पट्टी सुटली आणि बघतो तर सगळं जग निळं. हिची शाल राखाडी आहे असं मी धरून चाललो होतो, ती निघाली निळी.”

“दहा वर्षं राखाडी म्हणत होते,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, जाऊ दे, पुरुषांना कुठे रंग कळतात.”

“मग कामावर गेलो. निळ्या शाईच्या टाकीचे, शाई कमीजास्त सोडणारे स्क्रू बघितले. दुप्पट उघडे. मीच उघडलेले! बाकी माझं काम सगळं काळ्या शाईचं गं. पावत्या, फॉर्म, वह्यांची पानं. रंगीत म्हणजे बाईंचीच पुस्तकं. मूळ चित्र काही मशीनपाशी येत नाही, शाईचे हात लागतील म्हणून वर कपाटात राहतं. मी आपला डोळ्याला पटेपर्यंत निळं वाढवत जायचो. आणि डोळ्यालाच दिसत नव्हतं.” त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले. “घरी येऊन त्यांची पुस्तकं काढली. नव्या डोळ्यांनी बघवेनात, इतकं निळं. अकरा-बारा वर्षांची सगळी आकाशं नासवली मी. आणि त्या सत्कारात बाई म्हणाल्या, निळं छापखान्याचं आहे. मी मागच्या रांगेत छाती फुगवून बसलेलो. आता कळलं. ती तक्रार होती. चारचौघांत, सभ्यपणे केलेली. मग कुठल्या तोंडाने येणार होतो त्यांच्यापुढे?”

मी पाकिटातून बदकवाल्या म्हातारीचं चित्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, लांब धरलं, जवळ घेतलं.

“हे काय? रात्र आहे ना ही? निळं कुठंय?”

“अकरा वर्षांची सगळी अशीच आहेत, काका. मागे बघा.”

त्यांना पेन्सिलीचं अक्षर लागेना. काकूंनी वाकून वाचलं. “बाकी मास्तर.”

“तुम्ही किती घालणार ते तिला एका पुस्तकात कळलं होतं,” मी म्हणाले. “पुढे तिने तेवढं तुमच्यासाठी सोडून ठेवलं. पुस्तकांत आकाश जसं हवं तसंच आलंय. बिघडलं ते फक्त एकदा, पहिल्यांदा.”

मास्तरांनी चित्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग एकदम चिडून म्हणाले, “मग बोलल्या का नाहीत? एरवी एका ठिपक्यासाठी माझं डोकं खायच्या!”

“बोलल्या असत्या म्हणजे?” काकू म्हणाल्या. “मालकांच्या कानावर गेलं असतं. डोळे तपासले असते आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी. तेव्हा आपल्या मुलीच्या कॉलेजचं पहिलं वर्ष होतं.” एवढं बोलून त्या आत गेल्या. चहा उतू गेला नव्हता, तरी गेल्या.

आम्ही दोघं त्या चित्राकडे बघत राहिलो. माझी आई फार गोड बोलणारी बाई नव्हती. तिने कधी कोणाला मिठी मारलेली मला आठवत नाही, मलासुद्धा जेमतेम. पण अकरा वर्षं, प्रत्येक पुस्तकात, स्वतःच्या चित्रातला सगळ्यात नावाजलेला रंग ती हात आखडून लावत होती आणि खणात अपुरी चित्रं साठवत होती. घरात कोणाला पत्ता नव्हता. मला ते आज कळत होतं, आणि पुस्तक छापायच्या आत कळलं याबद्दल कोणाचे आभार मानावेत ते समजत नव्हतं.

“काका, उद्या दहाला हे छापायचं आहे,” मी म्हणाले. “आहे तसं छापलं तर ते अर्धंच आहे. संगणकावर केलंय ते बादलीसारखं दिसतंय. तुम्ही याल का?”

“येईन की. पण मला आता निळं नीट दिसतं. तेच तर त्रांगडं आहे.” ते पहिल्यांदाच थोडे हसले. “किती घालायचो ते मी कधी मोजलं नाही.”

“तरी या.”

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना ते छापखान्यात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. नव्या मशीनवर आता जो मशीनमन आहे त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो वाऱ्याने उडेल इतका बारीक आहे. त्याने मास्तरांना वाकून नमस्कार केला.

“हे तुझं यंत्र?” मास्तरांनी मशीनला एक फेरी मारली. “ह्यात हात कुठून घालायचा?”

“हात घालायचा नाही, मास्तर. बटण दाबायचं.”

“म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या.”

“पण शेळ्या ऐकतात, मास्तर.”

संपादकबाईंना मी सगळं फोनवर सांगितलं होतं. त्या शांत होत्या, पण शंका होतीच. “शाई वाढवली की गाढव पुन्हा निळं होईल ना?”

“नाही होणार,” मास्तर म्हणाले. “संगणकाने वरून रंग फासला, म्हणून गाढव रंगलं. आपण रंग बदलत नाही, आहे तो निळा वाढवतोय. गवतात निळ्याचा ठिपकाच नाही, मग गवताला काय होणार? गाढवात थोडा आहे, ते जरासं सावळं होईल. पण आकाशात गेरूच्या आड निळा सगळीकडे पसरलाय. तो झोपलाय नुसता.”

“मग जुनं एखादं पुस्तक शेजारी ठेवा आणि तेवढं करा.”

“कागद वेगळा, शाई वेगळी. पुस्तक ठेवा, पण त्यावर विसंबून चालायचं नाही.” मग ते माझ्याकडे वळले. “आणि माझ्यावरही नाही. मी पुस्तकंच बघितली, बाईंचं टेबल बघितलं नाही. तू लहानपणापासून दोन्ही बघत आलीस. तू सांगायचं, कुठे थांबायचं ते.”

“मला छपाईतलं काही कळत नाही, काका.”

“छपाईतलं मला कळतं. तू आकाश बघ.”

पैलवानाने मशीन हळू चालवलं आणि पहिला कागद काढला. तपकिरी. मास्तर म्हणाले, “निळं चढव, थोडं.” दुसरा कागद. तिसरा. एका मोठ्या कागदावर आठ चित्रं शेजारी शेजारी असतात, म्हणजे अर्धी रात्र एकदम समोर येते, मेंढपाळापासून म्हातारीपर्यंत. चौथ्या कागदाला दारातला अंधार थोडा हलल्यासारखा वाटला. चुकीचं बोलले तर ते हजारो प्रतींमध्ये चुकणार होतं, आणि ज्या एका माणसाला विचारायचं ते नव्हतं.

“अजून,” मी म्हणाले.

सहावा. सातवा. आठव्याला आकाश एकदम खोल गेलं आणि तारे बुडाले. हे मी पाहिलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी, आईच्या मांडीवर.

“मागे. एवढं नाही, मागे घ्या.”

“किती मागे?” पैलवानाने विचारलं.

“थोडं. अजून थोडं. थांबा.”

नववा कागद टेबलावर आला. आकाश निळं होतं, आणि त्या निळ्याखाली गेरू होता, शेकोटी विझल्यावर जमिनीत ऊब राहते तसा. पहिल्या चित्रात तो जास्त जाणवत होता, पुढे रात्र चढत गेली तसा कमी. बाहेर थंडी होती, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला ती फार वेळ सोसावी लागणार नाही, हे चित्र बघूनच कळत होतं. गाढव जरासं सावळं झालं होतं. ते त्याला शोभत होतं.

“हे तिचं आहे,” संपादकबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला नाही, नुसता हातात धरला.

मी कागदाच्या कडेला सही केली. आईची सही असायची तिथे, कोपऱ्यात, लहानशी.

मशीन वेगात आलं. संपादकबाई बांधणीवाल्याला फोन करायला वर गेल्या. पैलवान थोड्या थोड्या वेळाने एक कागद ओढून टेबलावर टाकत होता, मी तो सरळ करून पुढे करत होते आणि मास्तर भिंग लावून कडा तपासत होते.

“बाईंना शेवटी फार त्रास झाला का?” त्यांनी भिंगावरून डोळा न काढता विचारलं.

चार महिन्यांत हे मला अनेकांनी विचारलं होतं. ‘नाही, शांतपणे गेली’ हे उत्तर माझं पाठ झालं होतं.

“झाला,” मी म्हणाले. “पहिले दोन आठवडे फार झाला. पुढे औषधं वाढवली, तेव्हा झोपून असायची. जागी झाली की तुमचं विचारायची. दोनदा विचारलं. पहिल्या वेळी मी म्हटलं, येतील. दुसऱ्या वेळी सांगितलं, येऊन गेले, तू झोपली होतीस.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“रागावली माझ्यावर. उठवलं का नाहीस म्हणाली. मग विचारलं, काय म्हणत होते मास्तर? मी म्हटलं, बसले होते बराच वेळ, काही बोलले नाहीत. तर म्हणाली, बसले ना? मग झालं.”



“बरं सांगितलंस,” मास्तर म्हणाले. “उपकार आहेत तुझे.” मग खिशातून रुमाल काढून त्यांनी आधी भिंग पुसलं, नंतर डोळे, आणि मशीनच्या आवाजावरून ओरडले, “पैलवान! डाव्या बाजूला शाईत पाणी जास्त होतंय तुझं. कमी कर!”

पैलवानाने बटण दाबलं. मी पुढचा कागद सरळ करून त्यांच्यासमोर ठेवला.